अठ्ठाविसाव्या वर्षी थांबलेला लाईनबॅकर : ल्यूक कीकलीची कारकीर्द समजून घेताना

१४ जानेवारी २०२० रोजी कॅरोलायना पँथर्सच्या ल्यूक कीकलीने निवृत्ती जाहीर केली. वय २८. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले आठ हंगाम, त्यांत सात वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड आणि पाच वेळा वर्षातल्या सर्वोत्तम संघात जागा. नुकत्याच संपलेल्या हंगामात तो सगळे सोळा सामने खेळला होता. संघासोबतचा करार २०२१ पर्यंतचा होता. त्याला कुणी काढलं नव्हतं, खेळही उतरणीला लागलेला नव्हता.

हा खेळ दरवर्षी फेब्रुवारीत सुपर बोलपुरता, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापुरता, पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे कोडं वाटतं. ते सुटायचं तर लाईनबॅकर मैदानावर करतो काय, तो घडतो कसा, त्याला पैसे कशाचे मिळतात आणि त्याच्या शरीरावर काय बेततं, हे क्रमाने समजून घ्यावं लागतं.

लाईनबॅकर उभा कुठे असतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकले तर पुन्हा नवे चार, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात स्नॅपने होते, म्हणजे मधला खेळाडू चेंडू पायांमधून मागे देतो. तिथून पुढे बहुतेक वेळा काही सेकंदांतच सगळा निकाल लागतो. हल्ला करणाऱ्यांपुढे मुख्य मार्ग दोनच : चेंडू काखेत घेऊन धावायचं किंवा क्वार्टरबॅकने, म्हणजे हल्ल्याचा सूत्रधार असलेल्या खेळाडूने, तो पुढे फेकायचा.

बचावाचे तीन थर असतात. अगदी पुढे धिप्पाड लाईनमन, अगदी मागे वेगवान बॅक, आणि मधल्या थरात लाईनबॅकर. कीकली ज्या ४-३ रचनेत खेळला तिच्यात पुढे चार, मध्ये तीन आणि मागे चार जण असतात. मधल्या तिघांपैकी बरोबर मध्यभागी, स्नॅपच्या रेषेपासून साधारण चार-पाच यार्ड मागे उभ्या राहणाऱ्याला माईक म्हणतात. कीकली हा माईक. २०१२ मध्ये संघात आला तेव्हा त्याला बाजूच्या जागेवर खेळवलं होतं. जॉन बीसन जायबंदी झाल्यावर तो त्याच हंगामात मध्यभागी आला आणि पुढे तिथेच राहिला.

कबड्डी पाहणाऱ्याला हे काम लवकर कळेल. चढाईला आलेला गडी बोनस घेणार, की कोपऱ्यावर हात टाकणार, हे बचावपटू त्याच्या पायांवरून ताडतो, आणि झेप क्षणभर आधी पडली तर गुण जातो. माईकचं कामही त्याच जातीचं आहे. मात्र त्याला एकाऐवजी अकरा जणांचा डाव वाचायचा असतो, आणि त्यांतले पाच जण सुमारे १४० किलो वजनाचे असतात. त्याला वाटेतून रेटून बाजूला सारणं हेच त्या पाचांचं काम.

लाईनबॅकरची अडचण इथेच आहे. धावणारा आला तर त्याला पुढे घुसायचं असतं, फेक आली तर मागे पळायचं असतं. एका पावलाची चूकही महागात पडते. पुढे टाकलेलं पाऊल मागे घेईपर्यंत चेंडू डोक्यावरून गेलेला असतो. कीकलीची उंची सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर आणि वजन १०८ किलोच्या आसपास. ड्राफ्टआधीच्या, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीच्या, चाचणीत त्याने ४० यार्डांचं अंतर ४.५८ सेकंदांत कापलं होतं. या वजनाच्या माणसासाठी हा वेग फार चांगला आहे. पण त्याचं नाव झालं ते डोळ्यांमुळे.

टक्कर होण्याआधी काय घडतं?

दोन प्रयत्नांच्या मध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ चालतं. बचाव संघातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, खुणेसाठी मागे हिरवा ठिपका असतो. २००८ पासून एनएफएलने ही मुभा दिली आहे. मैदानाबाहेरचा प्रशिक्षक त्या एका कानात आखणी सांगतो आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. त्यानंतर समोरची रचना बदलली तर आपल्या दहा जणांना काय सांगायचं हे माईकला स्वतःच ठरवावं लागतं.

तो पाहतो काय? आधी मोठं चित्र : धावणारा क्वार्टरबॅकच्या कोणत्या बाजूला आणि किती मागे उभा आहे, रिसीव्हर, म्हणजे फेक झेलणारे, एकमेकांपासून किती लांब पांगलेत, स्नॅपआधी कुणी आडवा सरकतोय का, कितवा प्रयत्न आहे आणि अजून किती यार्ड हवेत. मग बारीक गोष्टी. हल्ल्याच्या रांगेत मधल्या खेळाडूच्या दोन्ही बाजूंना गार्ड असतात. गार्डने जमिनीवर टेकवलेल्या बोटांवर भार टाकला असेल तर तो पुढे मुसंडी मारणार, म्हणजे बहुधा धाव. भार टाचांवर, मागे असेल तर तो क्वार्टरबॅकला आडोसा द्यायला मागे सरणार, म्हणजे बहुधा फेक. स्नॅप होताच गार्डचं हेल्मेट वर उठतं की खाली राहतं, ही पुढची खूण. आणि तो आपली जागा सोडून रांगेमागून आडवा धावू लागला, तर चेंडू बहुतेक वेळा त्याच दिशेला जातो.

रांगेतल्या फटींना बचावपटूंनी ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली असतात. मधला खेळाडू आणि गार्ड यांच्यामधली फट ए, त्याच्या बाहेरची बी, आणखी बाहेरची सी. धाव आली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक फट. आपली फट सोडून जो चेंडूच्या मागे लागतो तो बाहेरून उत्साही दिसतो, पण धावणारा नेमका त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून उलटा वळतो. दूरचित्रवाणीवर आपल्याला शेवटी पकडणारा दिसतो. चूक कुणाची होती ते संघाच्या चित्रफितीतच कळतं.

हल्लेखोरही या खुणा जाणून असतात आणि खोट्या खुणा पेरतात. क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिल्यासारखं करतो आणि काढून घेऊन फेकतो. माईक त्या हातांकडे पाहत बसला तर फसतो. म्हणून त्याला गार्डकडे पाहायला शिकवतात. हातांची बतावणी सोपी असते, पण १४० किलोच्या माणसाला धावेचं सोंग आणून पुन्हा फेकीसाठी मागे येणं अवघड जातं, आणि बेकायदा पुढे गेल्याचा दंड बसू शकतो.

कीकली आठवडाभर प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती पाहायचा, आणि सामन्यात स्नॅपआधीच त्यांचा डाव ओरडून सांगायचा. मैदानालगतच्या मायक्रोफोनमध्ये ते पकडलं जायचं. याचं फळ आकड्यांत दिसतं : १८ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने फेकलेला चेंडू १८ वेळा मधल्यामधे झेलला. मधल्या लाईनबॅकरसाठी हा आकडा मोठा आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याने लागोपाठच्या दोन बाद फेरी सामन्यांत, आधी सिएटलविरुद्ध आणि मग ॲरिझोनाविरुद्ध, असा चेंडू झेलून थेट टचडाउन केला, म्हणजे तो समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. त्या हंगामात पँथर्स १५ सामने जिंकून एकच हरले होते. फेब्रुवारीतल्या ५०व्या सुपर बोलमध्ये मात्र डेन्व्हरने त्यांना २४-१० असं हरवलं.

कॉलेजातली तीन वर्षं

सिनसिनाटीच्या सेंट झेव्हिअर शाळेतून कीकली २००९ मध्ये बॉस्टन कॉलेजात आला. तिथला मुख्य लाईनबॅकर मार्क हर्झलिक याला त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर हाडाच्या कर्करोगाचं निदान झालं होतं आणि तो वर्षभर मैदानाबाहेर गेला. अठरा वर्षांच्या नवख्या कीकलीला पहिल्याच हंगामात जागा मिळाली. हर्झलिक पुढे बरा होऊन २०१० मध्ये परतला आणि नंतर एनएफएलमध्येही खेळला, हे आवर्जून सांगायला हवं.

पहिल्या वर्षी कीकलीच्या नावावर १५८ टॅकल लागले, दुसऱ्या वर्षी १८३, तिसऱ्या वर्षी १९१. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तो देशात पहिला होता. ३८ सामन्यांत ५३२, म्हणजे सामन्यामागे १४. चेंडू घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर पाडणं किंवा त्याची वाटचाल रोखणं म्हणजे टॅकल. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांच्याही नावावर सहाय्यक टॅकल लागतो आणि एकूण आकड्यात तोही धरतात. मोजणी यजमान संघाची माणसं करतात. त्यामुळे वेगवेगळ्या कॉलेजांचे आकडे काटेकोरपणे शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय ज्या संघाचा बचाव जास्त वेळ मैदानावर राहतो, त्याच्या लाईनबॅकरला संधीही जास्त मिळते. म्हणूनच निवड करणारे आकड्यांवर थांबत नाहीत. टॅकल रेषेपासून किती यार्डांवर झाला, हे ते पाहतात. दोन यार्डांवर पाडणं आणि नऊ यार्डांवर पाडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२०११ मध्ये त्याला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाईनबॅकरसाठीचा बटकस पुरस्कार मिळाला, आणि बचावपटूंसाठीचा नागुर्स्की पुरस्कारही.

या तीन वर्षांत त्याला पगार किती होता? शून्य. शिष्यवृत्तीतून शिक्षण, राहणं आणि जेवण. कॉलेज खेळाडूला आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमावण्याची परवानगी १ जुलै २०२१ पासून मिळाली, आणि कॉलेजांनी खेळाडूंना थेट उत्पन्नातला वाटा देणं २०२५ मध्ये सुरू झालं. कीकलीच्या पिढीने कॉलेजातल्या सगळ्या टकरा या पैशांविना खाल्ल्या.

ड्राफ्ट आणि करार : कागदावरची रक्कम आणि हातातली रक्कम

शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये येता येत नाही. कीकली ही अट पूर्ण होताच, कॉलेजचं चौथं वर्ष सोडून ड्राफ्टमध्ये उतरला. ड्राफ्टमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात आणि आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघाला आधी निवडता येतं. २०१२ मध्ये पँथर्सने त्याला पहिल्या फेरीत नवव्या क्रमांकावर घेतलं.

२०११ पासून नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले असतात. कीकलीचा पहिला करार चार वर्षांचा, सुमारे १ कोटी २६ लाख डॉलरचा आणि पूर्ण हमीचा होता. ही हमी फार महत्त्वाची आहे. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये करार सहसा पूर्ण हमीचे असतात, फुटबॉलमध्ये नसतात. खेळाडू जायबंदी झाला किंवा उतरणीला लागला तर संघ त्याला सोडून देऊ शकतो, आणि हमी नसलेली वर्षं कागदावरच राहतात. सप्टेंबर २०१५ मध्ये कीकलीचा करार पाच वर्षांनी वाढला तेव्हा बातम्यांत आकडा आला सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर. त्यांतली हमी सुमारे ३ कोटी ४० लाखांची होती. बातमी वाचताना दुसरा आकडा शोधावा.

दरम्यान त्याने पहिल्याच हंगामात १६४ टॅकलसह संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्या डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या एका सामन्यात त्याच्या नावावर २४ टॅकल लागले.

मग डोक्याला काय झालं?

आठ हंगामांत संघाचे साखळीतले १२८ सामने झाले. कीकली ११८ खेळला. न खेळलेले दहाही सामने डोक्याला मार बसल्यानंतरचे आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्याच सामन्यात मार बसला, तीन सामने गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध पुन्हा बसला. त्या रात्री तो मैदानावर हुंदके देत होता, श्वास पुरत नव्हता आणि त्याला गाडीवरून बाहेर न्यावं लागलं. तपासण्यांतून मोकळा झाल्यावरही संघाने त्याला उरलेल्या हंगामात खेळवलं नाही, एकूण सहा सामने गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध तिसऱ्यांदा, आणि एक सामना गेला.

त्या रडण्याकडे अनेकांनी वेदना किंवा भीती म्हणून पाहिलं. भावनांवरचा ताबा सुटणं हे मेंदूला धक्का बसल्याचंच एक लक्षण आहे. या धक्क्याला कन्कशन म्हणतात. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. डोकं वेगाने जाऊन अचानक थांबलं, आणि विशेषतः झटक्याने फिरलं, की मेंदूतले लांबलचक चेतातंतू ताणले जातात. पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा तोल बिघडतो आणि तो सावरायला मेंदूला एकदम जास्त ऊर्जा लागते, नेमकी तेव्हाच ती कमी पडते. डोकेदुखी, उजेड सहन न होणं, गोंधळ, विसरणं, मळमळ, रडू कोसळणं हे सगळं त्यातून येतं. शुद्ध हरपलीच पाहिजे असं मुळीच नाही. बहुतेक वेळा ती हरपत नाही. साध्या स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही. आणि हे सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर नुकसान कितीतरी जास्त होऊ शकतं.

म्हणून एनएफएलमध्ये संशय आला की खेळाडूला मैदानालगतच्या निळ्या तंबूत नेतात, आणि संघाच्या पगारावर नसलेला तज्ज्ञ डॉक्टरही तपासणीत असतो. परतीचे पाच टप्पे आहेत : लक्षणं निवेपर्यंत विश्रांती, हलका व्यायाम, खेळाशी जुळणारा व्यायाम, टक्कर नसलेला संघासोबतचा सराव, आणि शेवटी पूर्ण सराव. कुठल्याही टप्प्यावर लक्षणं परतली की मागच्या टप्प्यावर जायचं.

हेल्मेट असतं ना, मग?

हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आणि ते काम चोख करतं. पण कवटीच्या आत हलणारा मेंदू त्याला बाहेरून धरून ठेवता येत नाही. २०२२ पासून सराव शिबिरात लाईनबॅकरना हेल्मेटवर जाड मऊ टोपी घालणं बंधनकारक झालं आणि २०२४ पासून ती सामन्यातही चालते. तिने धक्क्याचा जोर कमी होतो, नाहीसा होत नाही. कीकलीने २०१७ मध्ये गळ्याभोवती एक पट्टा वापरून पाहिला होता. मानेतल्या शिरांवर हलका दाब देऊन कवटीत थोडं जास्त रक्त राखायचं आणि मेंदूला हलायला जागा कमी ठेवायची, अशी त्यामागची कल्पना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो पट्टा २०२१ मध्ये विक्रीसाठी मान्य केला, पण त्याच्या उपयोगाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

सगळ्यांत जास्त फरक पडतो तो टॅकलच्या पद्धतीने. डोकं वर, डोळे उघडे, धावणाऱ्याजवळचा पाय आधी रोवायचा, खांद्याने भिडायचं, दोन्ही हातांनी कवेत घ्यायचं आणि पाय चालू ठेवायचे. मान खाली गेली की टाळूवर मार येतो. तिथून मेंदूलाच नव्हे, मानेच्या मणक्यांनाही धोका. डोकं खाली घालून धडक देणं हा २०१८ पासून १५ यार्डांच्या दंडाचा गुन्हा आहे. पण हे सगळं बिनचूक करणाऱ्यालाही गुडघा लागतो, आपल्याच साथीदाराचा खांदा लागतो. माईक गर्दीच्या मधोमध काम करतो.

हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं का?

बॉस्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये सांगितलं की त्यांनी तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ३४५ मध्ये सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार सापडला. हा आकडा ऐकून दर दहांतल्या नऊ खेळाडूंना तो होतो असं म्हणणं चूक आहे. त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं, आणि ज्यांना लक्षणं होती अशांचेच कुटुंबीय मेंदूदान जास्त करतात. प्रत्यक्षातलं प्रमाण त्याहून कमी असणार. पण धोका खरा आहे, आणि तो मोठ्या कन्कशनपेक्षाही वर्षानुवर्षं साठत जाणाऱ्या लहान लहान धक्क्यांशी जास्त जोडलेला दिसतो. वीस हंगाम खेळलेला प्रख्यात लाईनबॅकर ज्युनियर सेयाऊ २०१२ मध्ये आत्महत्येने गेला. त्याच्या मेंदूत हा आजार आढळला.

म्हणून ‘तीनदाच तर लागलं’ हा हिशेब अपुरा आहे. कॉलेजातले ५३२ आणि एनएफएलमधले १,०९२ टॅकल, शिवाय सराव, शिवाय टॅकलपर्यंत पोहोचण्याआधी लाईनमनशी झालेल्या टकरा. त्या कुणी मोजत नाही.

हा पळपुटेपणा नव्हता का?

नव्हता. निरोपाच्या चित्रफितीत कीकलीने सांगितलं की हा खेळ वेगाने, ताकदीने आणि अंग झोकून खेळायचा एवढी एकच रीत आपल्याला ठाऊक आहे, आणि यापुढे ते जमेल की नाही याची खात्री उरली नाही. वर सांगितलेलं काम आठवलं तर यात किती तथ्य आहे ते कळतं. स्वतःला जपत, अर्धा क्षण अडखळत खेळणारा माईक आपली फट उघडी ठेवतो, आणि उशिरा पोहोचणाऱ्यालाच वेडावाकडा मार बसतो.

असा निर्णय त्याच्या आधीही झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोचा लाईनबॅकर ख्रिस बोरलँड २०१५ मध्ये, एकाच हंगामानंतर, वयाच्या २४व्या वर्षी डोक्याच्या धोक्यामुळे थांबला. सहीच्या वेळी मिळालेला बोनस कराराच्या चार वर्षांत वाटलेला धरतात. त्यामुळे न खेळलेल्या तीन वर्षांचा, म्हणजे तीन चतुर्थांश, बोनस त्याला परत करावा लागला. एनएफएलच्या निवृत्तिवेतनाला तीन हंगाम लागतात, तेही त्याने सोडलं. कीकलीकडे आठ हंगामांची कमाई होती, तेवढी ऐपत बहुतेकांकडे नसते. शेवटच्या फेऱ्यांतून आलेल्या, हमी नसलेल्या करारावरच्या लाईनबॅकरला डोकं दुखतंय हे डॉक्टरला सांगणंसुद्धा नोकरी पणाला लावण्यासारखं असतं, आणि माझ्या मते या खेळाची सगळ्यांत कठीण बाजू हीच आहे.

अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

टेक्सास, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत हा प्रश्न मुलगा शाळेत जाऊ लागला की येतोच. भारतीय वंशाचा ब्रँडन चिल्लर लाईनबॅकर म्हणून रॅम्स आणि पॅकर्स या एनएफएल संघांकडून खेळला होता, त्यामुळे ‘आपल्यातलं कुणी तिथे नसतंच’ असंही नाही.

मुलाला घालण्याआधी प्रशिक्षकाला चार गोष्टी विचाराव्यात : आठवड्यात पूर्ण टकरीचा सराव किती मिनिटं, टॅकल शिकवताना डोकं कुठे ठेवायला सांगता, सामन्याला ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती हाताळणारा जाणकार, हजर असतो का, आणि हेल्मेटची तपासणी शेवटची कधी झाली. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा संघ पाहावा. कन्कशनचा संशय आला तर विद्यार्थ्याला त्या दिवशी परत खेळवायचं नाही आणि अधिकृत वैद्यकीय परवानगीशिवाय पुढेही नाही, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला. आता अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत शालेय खेळाडूंसाठी कन्कशनचे कायदे आहेत. प्रशिक्षक घाई करत असेल तर पालकाने आपल्या राज्याचा कायदा दाखवावा. घरी मूल नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, चिडतंय किंवा गृहपाठात अडखळतंय असं दिसलं तर ‘लागलं का?’ एवढ्यावर थांबू नये. मुलं संघातली जागा जाईल म्हणून लपवतात.

लहान वयात फ्लॅग फुटबॉल हा चांगला पर्याय आहे. त्यात कमरेला लावलेली पट्टी ओढली की धावणारा थांबतो, पाडापाडी नाही. फटी ओळखणं, फेकीचा अंदाज घेणं, मागे सरताना कंबर वळवणं, कीकलीचं नाव ज्यामुळे झालं ते सगळं त्यात शिकता येतं. लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिंपिकमध्ये हा खेळ पाच-पाच खेळाडूंच्या स्वरूपात, महिलांसाठी आणि पुरुषांसाठी, पहिल्यांदाच खेळवला जाणार आहे.